फिडल: लंडनमध्ये एक, डूलिनमध्ये दुसरंच

पहिला दिवस: लंडन

आमच्या घरात व्हायोलिनला कुणी व्हायोलिन म्हटलं नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगलीतल्या हौशी नाटकमंडळींच्या तालमींना ऑर्गनशेजारी बसायचे आणि ‘फिडल’ वाजवायचे. पुढे मी सहकार खात्यात लेखापरीक्षक झालो आणि तोच शब्द इंग्रजी पेपरांतून वेगळ्याच वेशात भेटू लागला. हिशेबात फिडल, म्हणजे अफरातफर. बाप फिडल वाजवणारा आणि मुलगा फिडल पकडणारा, असा विनोद मी निवृत्तीच्या भाषणात केला होता. कुणी हसलं नाही. निम्म्यांना एक अर्थ ठाऊक नव्हता, उरलेल्यांना दुसरा.

सप्टेंबर २०२३ मध्ये लेकीकडे लंडनला गेलो, तेव्हा आयर्लंडची पाच दिवसांची सहल काढली ती या शब्दापायीच. हिला मात्र मी समुद्रकाठचे उंच कडे आणि हिरवळ असं सांगितलं होतं. तेही खोटं नव्हतं.

लंडनने पहिला धक्का दिला तो उन्हाचा. बॅगेत दोन स्वेटर, कानटोपी, आणि बाहेर बत्तीस अंश! त्या आठवड्यात इंग्लंडमध्ये सलग सात दिवस पारा तिशीच्या वर होता. लेकीच्या घरात पंखा नाही. जावयाने कुठूनसा टेबलफॅन पैदा केला आणि आम्ही चौघं संध्याकाळभर त्याच्यापुढे पंगतीसारखे बसलो.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहतात. निवृत्त बसचालक, पूर्व लंडनचे जन्मजात रहिवासी. कुठल्याशा लग्नाला निघाले होते. कोट दाखवत मला म्हणाले, “कशी आहे माझी व्हिसल?” मला शिट्टी कुठे दिसेना. मग कळलं, कॉकनी बोलीत यमक जुळवून शब्द लपवतात. सूट म्हणजे ‘व्हिसल अँड फ्लूट’, आणि त्यातली फ्लूट गिळून टाकायची. उरते शिट्टी. मी घातलेला सदरा त्यांच्या लेखी कशात बसतो ते विचारायचा धीर झाला नाही.

पुढे त्यांनी बॉयलर दुरुस्त करणाऱ्या एका माणसाचा विषय काढला. त्याने लेकीला लावलेलं बिल पाहून म्हणाले, “हा ऑन द फिडल आहे.” आणि दोन बोटांनी हवेत गज फिरवल्यासारखं केलं. मी विचारलं, हा शब्द शिवी आहे का? ते विचारात पडले. “शिवी नाही. चोर म्हटलं तर भांडण होईल. फिडल म्हटलं तर तोही हसेल.” २००९ साली खासदारांची खर्चाची बिलं बाहेर आली, त्यात तळ्यातल्या बदकांच्या घराचाही दावा होता, तेव्हाही हाच शब्द सगळ्यांच्या तोंडी होता म्हणाले. चाळीस वर्षं मी ज्याला अहवालात ‘गंभीर अनियमितता’ लिहिलं, त्याला या माणसाकडे किती हलकाफुलका शब्द होता!

जाता जाता व्हिसाचं सांगतो, कारण सगळे विचारतात. आयर्लंड हा वेगळा देश आहे, ब्रिटनचा व्हिसा तिथे आपोआप चालत नाही. आमच्या ब्रिटिश व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ ही अक्षरं होती म्हणून दोन्हीकडे एकाच व्हिसावर जाता आलं. ती असली तरी ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरावं लागतं. नियम बदलत असतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी ताजी माहिती बघा.

दुसरा दिवस: रेल्वे आणि बोट

विमान सोपं पडतं, पण मला समुद्रावरून जायचं होतं. लंडनच्या यूस्टन स्टेशनपासून वेल्समधल्या हॉलिहेडपर्यंत रेल्वे, तिथून बोटीने डब्लिन. दोन्हीचं मिळून एकच तिकीट निघतं आणि ते बरंच स्वस्त पडतं. वेल्समध्ये शिरल्यावर डावी-उजवीकडची भांडणं सोडा आणि समुद्राच्या बाजूला बसा. कॉनवीचा किल्ला तर गाडी अक्षरशः तटाला खेटून ओलांडते.

बोट दोन तास उशिरा. कारण कुणी सांगितलं नाही. धक्क्यावरच्या हॉलमध्ये हिने दशम्यांचा डबा उघडला आणि शेंगदाण्याच्या चटणीच्या वासाने समोरचे एक आजोबा मान वळवून बघू लागले. लिव्हरपूलचे. आयुष्यभर मालवाहू जहाजांवर आचारी होते. दशमी दिली. आधी हुंगली, मग खाल्ली, मग दुसरी मागितली. त्यांनी मला तिसरं फिडल दिलं.

जहाजावरच्या शेगडीला चौफेर लोखंडी कठडा असतो, आणि पातेली हलू नयेत म्हणून मध्ये आडव्या पट्ट्या सरकवतात. त्यांना फिडल म्हणतात. जेवणाच्या टेबलाच्या उचललेल्या कडेलाही फिडलच. “वादळात फिडल बसवायला विसरलं, की सूप आचाऱ्याच्या पायावर,” म्हणत त्यांनी पँट वर करून घोट्यावरचा जुना डाग दाखवला. हिला हे सगळं फार आवडलं. आपल्याकडे ओट्याला असा कठडा हवा, असं ती डब्लिन येईपर्यंत म्हणत होती.

मी त्यांना ‘ऑन द फिडल’चं विचारलं. त्यांची गोष्ट तयार होती. पूर्वी नौदलात चौकोनी लाकडी ताटं असत. ताटाच्या काठावर, म्हणजे फिडलवर, जेवण चढलं की त्या खलाशाने वाट्यापेक्षा जास्त घेतलं. म्हणून ऑन द फिडल. ऐकायला झकास, पण शब्दांचे अभ्यासक ही व्युत्पत्ती मानत नाहीत. मी तसं सांगितल्यावर आजोबा शांतपणे म्हणाले, “ते अभ्यासक कधी जहाजावर जेवलेत का?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बोटीत बसल्यावर त्यांनी आणखी एक सांगितलं. खलाशांचा स्वर्ग वेगळा असतो, त्याचं नाव फिडलर्स ग्रीन. तिथे फिडल थांबत नाही आणि ग्लास रिकामा होत नाही. चोरी, कठडा आणि स्वर्ग. एका दिवसात एवढं पुरे होतं. डब्लिनला उतरेपर्यंत रात्र झाली आणि आम्ही चिप्स खाऊन झोपलो.

तिसरा दिवस: डब्लिन

सकाळी न्याहारीला एक ऑस्ट्रेलियन बाई भेटल्या, एकट्याच फिरणाऱ्या, वय सत्तरच्या पुढचं. पश्चिमेकडे जायला बस की रेल्वे, अशी आमची कुजबुज चालली होती. त्या टेबलावरून वाकून म्हणाल्या, “थांबा, मी तुम्हाला ड्रम देते.” हिने माझ्याकडे पाहिलं. आता हा ढोल कुठे ठेवायचा? त्यांच्याकडे ‘ड्रम देणं’ म्हणजे आतली, खात्रीची बातमी देणं. हाच शब्द लंडनच्या जुन्या चोरांच्या बोलीत घराला वापरतात, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे एकाने ड्रम द्यायचा आणि दुसऱ्याने ड्रम फोडायचा.

त्यांचा ड्रम असा: डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून गॉलवेपर्यंत रेल्वे, साधारण अडीच तास. गॉलवेवरून ३५० नंबरची बस. ती डूलिन हे वादकांचं गाव आणि समुद्रावरचे मोहरचे कडे करत एनिसला जाते. गाडी भाड्याने घ्यायची गरज नाही, पण फेऱ्या मोजक्या आहेत, वेळापत्रक फोटो काढून ठेवा. आम्ही हे तंतोतंत पाळलं आणि कुठेही अडलो नाही.

संध्याकाळी स्मिथफील्डमधल्या ‘कॉबलस्टोन’ पबात गेलो. ‘दारूचा पब, पण संगीताचा त्रास आहे’ अशा अर्थाचं ते स्वतःचं वर्णन करतात. २०२१ साली तिथे हॉटेल उभारायची योजना आली, तेव्हा लोकांनी शवपेटी खांद्यावर घेऊन मोर्चा काढला आणि महापालिकेने परवानगी नाकारली. एका पबासाठी! आपल्याकडची कुलूपबंद नाट्यगृहं डोळ्यांसमोर आली आणि मी विषय मनातच बंद केला.

दारातच एका पोराला विचारलं, “आज सेशन आहे का?” त्याने डोळे मिचकावून विचारलं, “कुठलं?” सेशन म्हणजे वादकांनी गोल बसून वाजवणं. पण ‘सेश’वर जाणं म्हणजे रात्रभर पिणं. मला हे समजायला क्षणही लागला नाही. गाण्याची बैठक वेगळी आणि “काय, आज बसायचं का?” वेगळं, हे कुठल्याही मराठी माणसाला उपजतच कळतं.

त्या रात्री गर्दी इतकी, की मला फिडलचं फक्त टोक दिसलं, गजाचं. खांद्यांच्या वर येई आणि नाहीसं होई. पण ऐकू येत होतं. हिने कानात विचारलं, “अहो, हे सगळे एकच सूर का वाजवतायत?” प्रश्न नेमका होता. इथे साथ आणि मुख्य असं काही नसतं. सगळे मिळून एकच चाल, ज्याच्या त्याच्या हरकतींसह. चाल दोन-तीनदा फिरवायची, आणि मध्येच कुणीतरी भुवई उडवली की सगळ्यांनी दुसऱ्या चालीत उडी घ्यायची.

चौथा दिवस: डूलिनकडे

गॉलवेवरून निघालेली बस बॅलिव्हॉनच्या पुढे बरनच्या दगडात शिरते. मैलोन्‌मैल राखाडी चुनखडी, भेगांतून डोकावणारी बारीक फुलं आणि एका बाजूला अटलांटिक. आमच्याकडचा काळा कातळ बघितलेल्या डोळ्यांना हा धुतलेला, पांढरटलेला दगड आजारी वाटतो. तासाभराने आवडायला लागतो.

वाटेत लिस्डूनवार्ना. सप्टेंबरभर इथे लग्न जुळवण्याचा उत्सव असतो. गावात झेंडे आणि बसमध्ये कोट घातलेले दोन पन्नाशीचे शेतकरी, केस पाण्याने चापून बसवलेले. वधू-वर सूचक मेळाव्याला निघालेले आपले लोक असेच दिसतात, फक्त बरोबर आत्या नव्हती.

डूलिन म्हणजे गाव तरी म्हणायचं का? एक रंगीत घरांची फिशर स्ट्रीट, थोडं चालल्यावर आणखी काही घरं, मध्ये कुरणं आणि गाई. पण कॉन्सर्टिना, म्हणजे दोन हातांत धरायची छोटी भात्याची पेटी, फिडल आणि टिन व्हिसल वाजवणाऱ्यांचं हे पंढरपूर. मिहो रसेल (१९१५–१९९४) इथलाच, शेतकरी, साधी टिनची शिट्टी वाजवणारा. त्याला ऐकायला युरोपभरातून लोक या कुरणांत आले. आपल्याकडे शिट्टी कुकरची मोजतात किंवा टवाळाची ऐकतात. तिच्यासाठी कुणी समुद्र ओलांडून येईल असं वाटलं नव्हतं.

शाकाहारी मंडळींसाठी: ‘आजचं सूप’ बहुधा भाज्यांचं असतं, पण त्यात कोंबडीचं पाणी आहे का ते विचारा. त्याबरोबर येणारी काळपट सोडा ब्रेड जाड, भरड, किंचित गोडसर असते. हिने दोन दिवस सूप, ब्रेड आणि लोणी यावर आनंदाने काढले. मी चाउडर खाल्लं, शिंपले आणि माशांचं दाट सूप. ते वाफाळतं हवं, गार झालं की खळ होते.

पाचवा दिवस: कडे, पाऊस आणि फिडल

सकाळी मोहरच्या कड्यांवर. सर्वांत उंच जागी २१४ मीटर. १८३५ साली बांधलेला ओब्रायनचा बुरूज, खाली पक्षी, त्याच्या खाली लाटा. कोकणकडा बघितलेल्या माणसाने उंचीवरून तोंडात बोट घालू नये, पण तिथे खाली रान असतं आणि इथे समुद्र दात खात असतो. वारा असा, की खालून येणारे तुषार वर उडून चष्म्यावर बसतात, नाणेघाटातल्या उलट्या धबधब्यासारखे. डूलिनवरून कड्याच्या कडेने पायवाट आहे, तिचे काही भाग बंद असतात. निघण्याआधी चौकशी करा आणि छत्री अजिबात नेऊ नका. आमची पहिल्या दहा मिनिटांत उलटली. रेनकोट, तोही टोपीला दोरी असलेला.

रात्री पबात लवकर गेलो. सेशन साडेनऊला सुरू होतं असं लिहिलेलं असतं, पण बाक आठलाच भरतात. कोपऱ्यातलं गोल टेबल रिकामं असलं तरी तिथे बसू नका, ते वादकांचं असतं. रेकॉर्डिंग करण्याआधी विचारा. आणि टेबल वाजवू नका. हे शेवटचं मी स्वानुभवाने सांगतो.

झालं असं. दोन फिडल, एक कॉन्सर्टिना, एक बासरी आणि बोडरन, म्हणजे आपल्या डफाचा भाऊ, आखूड दांडीने वाजवतात. पहिलीच चाल जिग, म्हणजे नाचाची आयरिश चाल, होती. सहा मात्रा, तीन-तीनच्या जोड्या. दुसऱ्या आवर्तनाला माझ्या बोटांनी आपोआप दादरा धरला. धा धी ना, धा ती ना. लाकडी टेबल छान बोलत होतं. चाल संपली तशी थोराड फिडलवाले गृहस्थ माझ्याकडे वळले आणि अत्यंत गोड आवाजात म्हणाले, “ताल उत्तम आहे. आता तो बुटात ठेवा.” हिने खाली मान घातली. मी ताल बुटात ठेवला.

मध्यंतरात तेच माझ्याजवळ येऊन बसले, कुठला ताल होता ते विचारायला. गावाजवळच शेती, वय ऐंशीच्या आसपास, बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी. मी अण्णांचं सांगितलं. फिडल म्हणायचे हे ऐकून ते सुखावले. “व्हायोलिन आणि फिडलमध्ये फरक काय?” मी विचारलं. “व्हायोलिनवर बिअर सांडली तर रडू येतं.” हा विनोद तिथे जुना असावा, शेजारचे आधीच हसले.

मग ते म्हणाले, तुझे वडील उभे राहून वाजवायचे का? हे सांगून समजणारं नव्हतं. मी उठलो आणि पबाच्या फरशीवर मांडी घातली. उजवा पाय पुढे, वाद्याचं डोकं घोट्यावर टेकलेलं, दुसरं टोक खांद्याला. म्हणजे वाद्य दोन्हीकडून धरलेलं, डावा हात मोकळा, वर-खाली मींडेत घसरायला. आणि तारा सा-प, सा-प अशा जोड्यांत लावलेल्या. म्हातारबुवा वाकून माझ्या घोट्याकडे असे बघत होते, जसं अण्णा गवयाच्या गळ्याकडे बघायचे. त्यांचं फिडल हनुवटीखाली नव्हतंच, छातीच्या वरच्या हाडाशी सैल टेकलेलं, मनगट वाद्याच्या मानेला चिकटलेलं. कुठल्याही व्हायोलिनच्या मास्तरांनी छडी मारली असती असं. “आमच्याकडे खुर्च्या होत्या, पण जागा नव्हती,” म्हणाले. स्वयंपाकघरात नाच चालायचा, फिडलवाला कोपऱ्यात अंग चोरून बसायचा. १९३५ साली नाचघरांचा कायदा आला, विनापरवाना नाच गुन्हा ठरला, आणि पाद्री व पोलीस घरातल्या नाचांमागेही लागले. फिडल वाजवणं हाच गुन्हा झाला, असं ते म्हणाले. मी लंडनच्या शेजाऱ्यांचा अर्थ सांगितला. त्यांनी तो ऐकलेला होता, पण मान हलवली. “तो इंग्रजांचा हिशेब. आमच्याकडे फिडलर म्हटलं की माणसाला बसायला जागा देतात.”

पलीकडे वेस्ट व्हर्जिनियाचं एक अमेरिकन जोडपं होतं. फिडल म्हणजे लबाडी हे त्यांना नवलाचं वाटलं. त्यांच्याकडे फिडल करणं म्हणजे उगाच चाळा करत बसणं. पण त्या बाईंची आजी फिडलला ‘सैतानाची पेटी’ म्हणायची आणि घरात येऊ द्यायची नाही. नाच, दारू आणि पाप, सगळं त्या पेटीतून निघतं म्हणून. मी म्हटलं, आमच्याकडे पेटी म्हणजे हार्मोनियम, आणि तिला आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षं दाराबाहेर ठेवलं होतं. पेटीचं नशीबच तसं.

तुमच्या भाषेत वाद्यांचे असे खेळ आहेत का, असं बासरीवाल्या मुलीने विचारलं, आणि मला आवरणं कठीण झालं. स्वतःची टिमकी वाजवणारे. तेच ते तुणतुणं लावणारे. आणि गाजराची पुंगी: वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली. हे शेवटचं ऐकून म्हातारबुवा इतके हसले की डोळे पुसावे लागले. पुढचा अर्धा तास कुणी सूर चुकला की ते त्याला “गाजर?” असं विचारत होते.

शेवटी त्यांनी दादरा मागितला. म्हणजे जिगच, पण संथ, क्लेअरच्या, म्हणजे त्यांच्याच परगण्याच्या, जुन्या ढंगाने, आणि मला मान हलवून खूण केली. मी टेबलावर वाजवला. दोन बोटांनी, हलका.

सहावा दिवस: परत

एनिसपर्यंत बस, शॅननवरून विमान, संध्याकाळी लंडन. सांगण्यासारखं काही नाही, फक्त विमानतळावर हिच्या चटणीच्या डब्याची कसून तपासणी झाली आणि तो सुटला.

दारात शेजारचे गृहस्थ उभे होते, या वेळी सूट न घालता. “कसं झालं आयर्लंड? काय केलंत?”

मी वाक्य विमानातच जुळवून ठेवलं होतं. म्हटलं, “पाच दिवस ऑन द फिडल होतो.”

ते जवळ सरकले. आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, “मग, किती सुटले?”

“एक टिनची शिट्टी. बारा युरो. पावती आहे.”

त्यांनी पावती खरोखर बघायला मागितली.